लिनक्सवर चिनी टायपिंग पुन्हा पुन्हा बंद पडतंय? आधी जुन्या दुरुस्त्या काढा

कालपर्यंत सगळं नीट चालू असतं. रात्री अपडेट होतं, सकाळी मशीन सुरू होतं, कंट्रोल-स्पेस दाबून तुम्ही एन-आय-एच-ए-ओ टाइप करता आणि पडद्यावर तीच पाच रोमन अक्षरं उमटतात. खाली चिनी पर्यायांची पट्टी काही येत नाही. मग कुठून तरी तीन ओळी शोधायच्या, कुठल्या तरी फाइलमध्ये चिकटवायच्या, मशीन रीस्टार्ट करायचं. टायपिंग सुरू होतं. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा तेच.

मी गेली सहा वर्षं रोज चिनी टाइप करतोय. माझ्या आणि सोबत शिकणाऱ्यांच्या मशीनवर ही दुरुस्ती अनेकदा केली आहे, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघालं: आधीच्या दुरुस्तीचे अवशेष. दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या तीन ओळी आजच्या सेटिंगशी भांडत असतात आणि त्या तिथे आहेत हे आपण विसरलेलो असतो. म्हणून नवीन काही चिकटवण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघायचं, आणि जुनं साफ करायचं.

आदेशांची आणि फाइलींची नावं मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

लेआउट वेगळा, इंजिन वेगळं

मराठी इनस्क्रिप्टमध्ये 'के'ची कळ दाबली की 'क' उमटतो. एक कळ, एक अक्षर. एवढं काम साधा कीबोर्ड लेआउट करतो, त्याला वेगळा प्रोग्राम लागत नाही. चिनीत हे शक्य नाही. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत, त्यातली रोजच्या वापरातली पहिल्या पातळीची ३,५००. उलट सूर बाजूला ठेवले तर प्रमाण चिनीत वेगवेगळे उच्चार जेमतेम चारशे. म्हणजे एस-एच-आय एवढं टाइप केलं की डझनावारी अक्षरं दावेदार असतात. रोमन उच्चार घ्यायचा, शब्दकोशात शोधायचं, मागचापुढचा शब्द बघून पर्याय लावायचे आणि तुम्ही आकडा दाबला की अक्षर अॅपच्या हवाली करायचं, हे सगळं एक स्वतंत्र प्रोग्राम करतो. त्यालाच इंजिन म्हणतात.

नव्या माणसाची पहिली अडचण इथेच असते. ग्नोम या डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तो 'चायनीज' निवडतो, वरच्या पट्टीत खूणही बदलते, पण टाइप केल्यावर इंग्रजीच येतं. कारण त्यानं नुसता लेआउट घेतलेला असतो आणि चिनी लेआउट म्हणजे साधा इंग्रजी कीबोर्डच. हवं असतं ते 'चायनीज'वर क्लिक केल्यावर आत दिसणारं 'इंटेलिजेंट पिनयिन'. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत. ते इंजिन तिथे दिसत नसेल तर आयबस या इनपुट प्रोग्रामसाठीचं आयबस-लिबपिनयिन हे पॅकेज बसवलेलं नाही. पॅकेज बसवूनही दिसत नसेल तर एकदा लॉग आउट करा किंवा 'आयबस रीस्टार्ट' हा आदेश द्या. नवं इंजिन आलंय हे आयबसला त्याशिवाय कळत नाही.

आयबसऐवजी एफसीआयटीएक्स५ हा दुसरा इनपुट प्रोग्राम वापरणाऱ्यांची पहिली अडचण वेगळी. चायनीज-अॅडऑन्स हे पॅकेज बसवलेलं असतं, सेटिंगची खिडकी उघडते, पण उजवीकडच्या यादीत पिनयिन नाही. त्या यादीजवळ 'ओन्ली शो करंट लँग्वेज' असा चौकोन असतो आणि त्यावर आधीपासून खूण असते. तुमची सिस्टिम इंग्रजीत किंवा मराठीत असेल तर चिनी इंजिनं त्यामुळे लपतात. खूण काढा, पिनयिन डावीकडे घ्या. डावीकडच्या यादीत पहिला क्रमांक मात्र साध्या कीबोर्डचा ठेवा आणि पिनयिन त्याच्या खाली. कंट्रोल-स्पेस पहिल्या क्रमांकावरून दुसऱ्यावर नेतं. पिनयिन एकटंच असेल तर अदलाबदल करायला काही उरतच नाही.

चार कड्या

फाँट, इंजिन, मागे सतत चालणारा इनपुट प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामला अॅपशी जोडणारा पूल. चिनी अक्षर पडद्यावर यायला या चारही कड्या लागतात. तपासायला पाच मिनिटं पुरतात.

फाँट सगळ्यात सोपा. चिनी मजकूर असलेलं कुठलंही पान उघडा. रिकामे चौकोन दिसले तर टायपिंगचा दोष नाही, फाँट नाही. 'एफसी-लिस्ट'ला भाषा झेडएच सांगून विचारलं की मशीनवर कोणते चिनी फाँट आहेत ते कळतं. नोटो सॅन्स सीजेके बसवा. गूगल आणि अडोबी यांनी मिळून २०१४ मध्ये आणलेल्या या फाँटमध्ये चिनी, जपानी, कोरियन तिन्ही आहेत.

मागचा प्रोग्राम चालू आहे का ते बघायला आयबसवाल्यांनी 'आयबस इंजिन' हा आदेश द्यावा. उत्तर लिबपिनयिन आलं तर पिनयिन निवडलेलं आहे; एक्सकेबीनं सुरू होणारं नाव आलं तर साधा कीबोर्ड चालू आहे; जोडणी होत नाही अशी तक्रार आली तर आयबस चालूच नाही. एफसीआयटीएक्स५ साठी 'एफसीआयटीएक्स५-रिमोट' द्या. २ आलं तर चिनी चालू, १ आलं तर बंद. आकड्याऐवजी तक्रार आली तर प्रोग्राम मेलेला आहे.

पहिल्या तीन कड्या शाबूत असूनही टायपिंग होत नसेल तर पूल तुटलाय. परत परत येणारी अडचण जवळपास नेहमी इथलीच असते.

पूल, आणि त्याखाली साठलेला गाळ

अॅपला इनपुट प्रोग्राम कोणता हे सांगायची जुनी पद्धत म्हणजे तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे अॅप सुरू होताना त्याला मिळणाऱ्या नाव आणि किंमत अशा नोंदी: जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स. जीटीके आणि क्यूटी हे अॅप बांधायचे दोन संच. पहिलं जीटीकेवर बांधलेल्या अॅपसाठी, दुसरं क्यूटीसाठी, तिसरं एक्स या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या जुन्या एक्सआयएम पद्धतीसाठी. पहिल्या दोघांची किंमत आयबस किंवा एफसीआयटीएक्स. तिसऱ्याची 'अॅट आयएम बरोबर एफसीआयटीएक्स' अशा थाटाची. पाचवी आवृत्ती वापरत असलात तरी इथे नावापुढे ५ लावायचा नाही. पॅकेजच्या नावात ५ असतो म्हणून इथेही लावणारे बरेच भेटले आहेत. मग काही ठिकाणी चालत नाही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

या ओळी कुठे लिहायच्या याचे सल्ले दहा ठिकाणी दहा मिळतात आणि गाळ तिथूनच साठतो. डॉट-बॅशआरसी, डॉट-प्रोफाइल, डॉट-एक्सप्रोफाइल, डॉट-पॅम_एन्व्हायर्नमेंट, ईटीसीमधली एन्व्हायर्नमेंट, शिवाय डेबियन घराण्यात आयएम-कॉन्फिग बनवतं ती डॉट-एक्सइनपुटआरसी. प्रत्येकीची वाचली जाण्याची वेळ वेगळी.

एक लक्षण नीट ओळखून ठेवा. टर्मिनलमधून नाव टाइप करून एडिटर उघडला तर त्यात चिनी येतं; तोच एडिटर मेनूतून उघडला तर येत नाही. याचा अर्थ ओळी डॉट-बॅशआरसीमध्ये आहेत. ती फाइल टर्मिनलमधलं शेल सुरू होताना वाचली जाते. मेनूतून उघडणाऱ्या अॅपचा तिच्याशी संबंध येत नाही.

दुसरं लक्षण: मोठ्या अपग्रेडनंतर सगळ्याच अॅपमधलं चिनी एकदम गेलं. अशा वेळी एक्सडीजी_सेशन_टाइप या व्हेरिएबलची किंमत बघा. आधी एक्स११, म्हणजे वरचंच एक्स, होतं आणि आता त्याची जागा घेणारं वेलँड आलं असेल तर उलगडा झाला. फेडोरानं २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीत वेलँड नेहमीचं केलं, उबंटूनं २०२१ मध्ये, केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपनं २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत. डॉट-एक्सप्रोफाइल ही एक्सची फाइल, वेलँडच्या सेशनमध्ये ती वाचली जात नाही. अपग्रेडनं तुमची ओळ पुसलेली नसते, ती वाचणाराच बदललेला असतो. डॉट-पॅम_एन्व्हायर्नमेंटचंही तसंच, नव्या सिस्टिमवर ती बऱ्याच ठिकाणी वाचलीच जात नाही.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा अडलेल्या अॅपलाच विचारा. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा एक क्रमांक असतो. 'पीग्रेप' आणि अॅपचं नाव दिलं की तो मिळतो. मग प्रॉक या फोल्डरमध्ये त्या क्रमांकाच्या आत एन्व्हायरन नावाची फाइल असते. अॅप सुरू होताना त्याला जे जे व्हेरिएबल मिळालं ते सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. सगळं एकाच लांब ओळीत दिसतं, पण त्यात आयएम_मॉड्यूल शोधलं की उत्तर समोर येतं. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही असं बघितलं तेव्हा मागे एफसीआयटीएक्स५ चालू होतं, सेटिंग सगळं बरोबर होतं, आणि अॅपला मात्र जीटीके_आयएम_मॉड्यूलची किंमत आयबस अशी मिळत होती. ती ओळ ईटीसीमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये होती, पहिल्या वर्षी कुणाचं तरी बघून टाकलेली. ती पुसली, लॉग आउट करून परत लॉग इन केलं, आणि तिचं टायपिंग तेव्हापासून बंद पडलेलं नाही.

तर साफसफाई अशी: वर सांगितलेल्या सगळ्या फाइली उघडा आणि आयएम_मॉड्यूल किंवा एक्समॉडिफायर्स असलेली प्रत्येक ओळ काढा. आधी प्रत ठेवा. मग आयबस आणि एफसीआयटीएक्स यांतलं एकच काय ते ठरवा. दोन्ही एकत्र चालू ठेवून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. मराठीसाठी आयबस आणि चिनीसाठी एफसीआयटीएक्स अशी वाटणी करायचीही गरज नाही. इनस्क्रिप्ट लेआउट दोन्हीकडे मिळतो आणि उच्चारानुसार मराठी लिहायची सवय असेल तर एम१७एनचं पॅकेज दोन्हींसाठी आहे.

ग्नोम की केडीई, त्यावर निवड करा

ग्नोम असेल तर आयबस घ्या. २०१२ च्या ३.६ आवृत्तीपासून आयबस ग्नोमच्या आतच बसवलेलं आहे, ते आपोआप सुरू होतं, आणि वेलँडमध्ये जीटीके_आयएम_मॉड्यूल कुठेही न लिहिता जीटीकेची अॅप त्याच्याशी बोलतात. सुपर-स्पेसनं भाषा बदलते. ग्नोमवर एफसीआयटीएक्स५ चालतं, पण पर्यायांची पट्टी जागच्या जागी यायला 'इनपुट मेथड पॅनेल' हे एक्स्टेंशन लागतं, आणि ग्नोमची आवृत्ती बदलली की एक्स्टेंशन काही दिवस बंद पडू शकतं. दर सहा महिन्यांनी हा ताण कशाला घ्यायचा?

केडीई असेल तर एफसीआयटीएक्स५. सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्डच्या भागात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नावाचं पान आहे, तिथे एफसीआयटीएक्स५ निवडायचं. नावावरून हे पडद्यावरच्या कीबोर्डचं पान वाटतं, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरणारेही तिथे फिरकत नाहीत. पण वेलँडमध्ये केडीईचा विंडो मॅनेजर इनपुट प्रोग्राम इथूनच सुरू करतो आणि पूलही इथूनच जोडला जातो. हे केल्यावर एफसीआयटीएक्स५ दुसऱ्या कुठल्या ऑटोस्टार्टमध्ये ठेवू नका, आणि एक्समॉडिफायर्स सोडून बाकी दोन व्हेरिएबल सगळीकडे लागू होतील अशी लिहू नका. एक्समॉडिफायर्स ठेवायचं ते एक्सवरच चालणाऱ्या जुन्या अॅपसाठी. लिहायची जागा: होम फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग, त्यात एन्व्हायर्नमेंट-डॉट-डी, आणि आत कॉन्फ शेपटाची तुमची एक फाइल. पुढच्या वेळी शोधायची झाली तर एकच जागा.

एफसीआयटीएक्स५ सोबत 'एफसीआयटीएक्स५-डायग्नोज' नावाचा आदेशही येतो. तो लांबलचक अहवाल छापतो. लाल रंगातल्या ओळी आधी वाचा. कोणतं व्हेरिएबल चुकलंय आणि कोणतं मॉड्यूल सापडत नाही ते तो नावानिशी सांगतो. कुणाकडे मदत मागायची असेल तर हा अहवाल जोडल्याशिवाय मागू नका, समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

एकाच अॅपमध्ये येत नसेल तर

बाकी सगळीकडे चिनी येतं आणि एका अॅपमध्ये येत नाही, तेव्हा सिस्टिमच्या सेटिंगला हात लावू नका. इथेच माणसं चालू असलेलं सगळं बिघडवतात.

क्रोमियम ब्राउझरवर किंवा त्यावर आधारलेल्या इलेक्ट्रॉनवर बांधलेलं अॅप वेलँडवर चालत असेल तर त्याला सुरू करतानाच 'एनेबल-वेलँड-आयएमई' हा पर्याय द्यावा लागू शकतो. ग्नोमवर त्याच्या जोडीला 'वेलँड-टेक्स्ट-इनपुट-व्हर्जन'ची किंमत ३ द्यावी लागू शकते. हा पर्याय लिहायचा कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. मेनूतून अॅप कसं सुरू करायचं ते सांगणारी त्याची डेस्कटॉप फाइल यूएसआर-शेअर-अॅप्लिकेशन्समध्ये असते. तिथेच बदल केलात तर पुढचं अपडेट ती फाइल नवी करून तुमचा बदल पुसून टाकेल, आणि 'परत बंद पडलं' म्हणत तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. तीच फाइल होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल-शेअर-अॅप्लिकेशन्समध्ये कॉपी करा आणि कॉपीत बदल करा. सिस्टिम आधी ही कॉपी बघते आणि अपडेट तिला हात लावत नाही.

काही अॅप स्वतःची क्यूटी लायब्ररी सोबत घेऊन येतात. त्या लायब्ररीत एफसीआयटीएक्सचा प्लगइन नसतो, पण आयबसचा प्लगइन क्यूटीच्या मूळ संचातच असल्यामुळे तो बहुधा असतो. एफसीआयटीएक्स५ ला आयबसची भाषाही बोलता येते. त्यामुळे फक्त त्या अॅपच्या डेस्कटॉप फाइलमध्ये क्यूटी_आयएम_मॉड्यूलची किंमत आयबस देऊन बघा. हा उपाय उलटा वाटतो, पण चालतो. किटी टर्मिनलचं असंच आहे: जीएलएफडब्ल्यू_आयएम_मॉड्यूल या व्हेरिएबलला आयबस द्यायचं, मागे एफसीआयटीएक्स५ असलं तरी.

ईमॅक्स या एडिटरची गोष्ट निराळी. त्यात कंट्रोल-स्पेस ही मजकूर निवडायची कळ आहे, कोड लिहायच्या बऱ्याच एडिटरमध्ये ती सूचना मागायची कळ आहे, आणि इनपुट प्रोग्राम ती मध्येच गिळतो. एफसीआयटीएक्समध्ये ही कळ बदलून सुपर-स्पेस करून टाका. शिवाय एक्सवरच्या ईमॅक्समध्ये पट्टीच येत नसेल तर तेवढ्या ईमॅक्सपुरतं एलसी_सीटाइप चिनी यूटीएफ-८ करून सुरू करा. ती लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, मशीनवर तयार केलेली असायला हवी.

बिघाड वाटतो, पण नसतो

डावी शिफ्ट एकटी दाबून सोडली की पिनयिन तात्पुरतं इंग्रजीवर जातं. मोठं अक्षर टाइप करायचं मनात आलं, मग विचार बदलला, पण शिफ्ट दाबून झाली होती. आता चिनी येत नाही. सेटिंगमध्ये शिरण्याआधी शिफ्ट एकदा परत दाबून बघा.

अचानक सगळी अक्षरं पारंपरिक वळणाची यायला लागली तर कंट्रोल-शिफ्ट-एफ चुकून दाबलं गेलंय. एफसीआयटीएक्समध्ये तीच कळ परत दाबली की सोपी अक्षरं येतात. कोड चालेनासा झाला आणि ओळ तर बरोबर दिसतेय, तर स्वल्पविराम बघा. चिनी स्वल्पविराम आणि अर्धविराम रुंद असतात आणि कंपायलरसाठी ती वेगळीच चिन्हं आहेत. कंट्रोल आणि पूर्णविराम दाबलं की विरामचिन्हं इंग्रजी होतात.

दोन टिंबांचा यू कीबोर्डवर नाही, त्याच्या जागी व्ही टाइप करायचा. 'बाई' या अर्थाच्या अक्षरासाठी एन-व्ही. आणि शीआन शहराचं नाव लिहायचं तर एक्स-आय, मग अपॉस्ट्रॉफी, मग ए-एन. अपॉस्ट्रॉफी दिली नाही तर इंजिन ते एकच अक्षर समजू शकतं आणि त्या उच्चाराची भलतीच अक्षरं पुढे करतं. नवशिक्याला वाटतं शब्दकोश अपुरा आहे.

अक्षरं येतात पण वहीतल्यापेक्षा किंचित वेगळी दिसतात, ही तक्रारही खरी आहे. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी वळणाच्या कित्येक अक्षरांना एकच क्रमांक आहे. कोणतं वळण दिसेल ते फाँट ठरवतो. 'सरळ' या अर्थाचं अक्षर बघा: चिनी वळणात त्याचा खालचा भाग आडव्या रेघेवर बसतो, जपानी वळणात डावीकडून येणारी रेघ खाली काटकोनात वळते. शिकणाऱ्यानं चुकीचं वळण रोज बघितलं तर हातही तसाच वळतो, म्हणून फाँटांचा क्रम ठरवणाऱ्या फाँटकॉन्फिगमध्ये नोटो सॅन्स सीजेकेचं एससी हे चिनी रूप जेपी या जपानी रूपाच्या आधी लावून घ्या.

शब्दकोशाची प्रत

तुम्ही वारंवार निवडलेले शब्द इंजिन लक्षात ठेवतं आणि वर आणतं. वर्षभरात ते तुमच्या हाताला इतकं बसतं की पट्टीकडे बघावंही लागत नाही. आयबस-लिबपिनयिन ही शिकलेली माहिती डॉट-कॅश फोल्डरमध्ये, आयबसच्या आत ठेवतं. कॅश म्हटलं की पुसायला हरकत नाही असं आपण धरून चालतो. अडचण सुटत नव्हती म्हणून मी एकदा डॉट-कॅश अख्खं रिकामं केलं. अडचण तर सुटलीच नाही, वर दोन वर्षं जमलेले शब्द गेले: माणसांची नावं, धड्यांतले वाक्प्रचार, सगळं पुन्हा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर. त्या आठवड्यात मला टाइप करताना अक्षरशः अनोळखी मशीनवर बसल्यासारखं झालं होतं.

एफसीआयटीएक्स५ ची ही माहिती डॉट-लोकल-शेअरमध्ये, एफसीआयटीएक्स५ च्या आत पिनयिन फोल्डरमध्ये असते. यूझर-डॉट-डिक्ट आणि यूझर-डॉट-हिस्टरी अशा दोन फाइली. दोन्हीची प्रत घ्या. सेटिंगची प्रोफाइल नावाची फाइल मात्र प्रोग्राम चालू असताना हातानं बदलू नका. एफसीआयटीएक्स५ बंद होताना स्वतःच्या आठवणीतलं सेटिंग त्या फाइलवर लिहून टाकतं आणि तुमचा बदल दर रीस्टार्टला नाहीसा होतो. आधी प्रोग्राम बंद करा, मग फाइल बदला, मग परत सुरू करा.